धुतलेल्या जॉबवर काय उरलं?

कारखान्यात ज्या भागावर काम चालू असतं त्याला जॉब म्हणतात. रिंग गिअर, म्हणजे गाडीतलं मोठं दातेरी चक्र, वॉशिंग मशीनमधून बाहेर येतो तेव्हा गरम असतो, कोरडा असतो आणि ट्यूबलाइटखाली लख्ख दिसतो. त्याच्या कडेवर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम या प्रमाणात तेल राहिलं असलं, तरी डोळ्याला फरक कळत नाही. तेलाची घनता ०.९ धरली तर हा थर भरतो साधारण ११० नॅनोमीटर. टर्निंगच्या, म्हणजे लेथवर कातताना पडलेल्या, खाचा याच्या कितीतरी पट खोल असतात. तेल त्या खाचांत बसून जातं आणि धातूची चमक आहे तशीच राहते. हे उरलेलं तेल लेझरने कसं मोजायचं, ते इथे सांगतो.

डोळ्याला न दिसणारं हे तेल पुढच्या मशीनवर मात्र हमखास दिसतं. डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या यंत्रणेचा) रिंग गिअर तिच्या केसवर बोल्टने आवळण्याऐवजी लेझरने वेल्ड करण्याची पद्धत आता रुळली आहे. गिअर पोलादाचा, केस बहुधा बिडाची आणि मध्ये निकेलयुक्त वायर. किरण पडल्या क्षणी कडेवरच्या तेलाचा वायू होतो. वितळलेला धातू इतक्या झटपट गोठतो की सगळा वायू निसटू शकत नाही, आणि जोडात बारीक पोकळ्या राहतात. वेल्डनंतर अल्ट्रासॉनिक तपासणीत त्या सापडतात खऱ्या, पण तोवर गिअर, केस, वायर आणि मशीनचा वेळ असं सगळंच त्या जॉबमध्ये गेलेलं असतं. धुण्याच्या टप्प्यावर काही रुपयांत सुटणारी अडचण तिथे अख्ख्या असेंब्लीच्या किमतीला पडते. म्हणून प्रेसमध्ये गिअर केसवर बसवण्याच्या आधी त्या कडेवर किती तेल आहे हे आकड्यात कळणं मला फार महत्त्वाचं वाटतं. एकदा गिअर बसला की तेल दोन भागांच्या फटीत दडतं आणि मग कोणतंच उपकरण तिथे पोचत नाही.

जुन्या चाचण्यांना कमी लेखायचं कारण नाही. सर्वांत स्वस्त आणि प्रामाणिक चाचणी पाण्याची. जॉब शुद्ध पाण्यात बुडवून बाहेर काढायचा आणि पाण्याचा पडदा अखंड राहतो का ते अर्धा-एक मिनिट पाहायचं. तेल असेल तर अळवाच्या पानासारखे थेंब वेगळे होतात. पण वॉशिंग केमिकलमधला साबणाचा अंश जॉबवर राहिला असेल, तर पाणी त्याच्यावर छान पसरतं आणि घाणेरडा जॉब पास होतो. जॉब खळबळायची रिन्स टाकी खराब झाली असताना ही चाचणी नेमकी जास्त चांगला निकाल देते, हे लक्षात ठेवायला हवं. टेस्ट इंकचं पेनही पृष्ठभाग द्रवाला किती धरतो एवढंच सांगतं. ३८ मिलिन्यूटन प्रति मीटरची शाई पसरली आणि ४४ ची आक्रसली, यावरून पृष्ठभागाची ऊर्जा कळते, तेलाचं वजन कळत नाही. शिवाय जिथे शाई लावली तो जॉब पुन्हा धुवावा लागतो.

वजनाची पद्धत या सगळ्यांत खरी. जॉब सॉल्व्हंटने धुवायचा, ते सॉल्व्हंट आधी वजन केलेल्या भांड्यात उडवायचं आणि उरलेलं तेल तराजूवर तोलायचं. अडचण आकड्यांची आहे. जॉबचं क्षेत्रफळ ०.०५ चौरस मीटर आणि तेल चौरस मीटरला १० मिलिग्रॅम असेल, तर भांड्यात उरतं अर्धा मिलिग्रॅम. ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या तराजूवर हा आकडा कुंपणावरच बसतो. बोटाचा एक ठसा किंवा हवेतला दमटपणा त्याला हलवायला पुरतो. निकाल यायला तास-दोन तास लागतात, तेवढ्यात लाइनवरून शेकडो जॉब पुढे गेलेले असतात. आणि मिळतो तो संपूर्ण जॉबचा सरासरी आकडा. तेल वेल्डच्या कडेवर होतं की पाठीमागच्या निरुपद्रवी भागावर, हे त्यातून कधीच कळत नाही.

लेझर इथे उपयोगी पडतो तो तेलाच्या एका गुणामुळे. खनिज तेलात आणि त्यातल्या ॲडिटिव्हमध्ये बेंझीनसारखी कडी असलेले अरोमॅटिक रेणू असतात. त्यांच्यावर जांभळा किंवा अतिनील प्रकाश पडला की ते तो शोषतात आणि काही नॅनोसेकंदांत त्याहून लांब तरंगलांबीचा, निळा-हिरवा प्रकाश सोडतात. हेच फ्लुओरेसन्स. बाहेर पडणारा प्रकाश आत गेलेल्यापेक्षा लांब तरंगलांबीचा असतो, हे जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनाइनच्या द्रावणावर सविस्तर दाखवलं होतं. धातू स्वतः असा प्रकाश जवळपास सोडत नाही. म्हणजे अंधाऱ्या पार्श्वभूमीवर फक्त तेल चमकतं, आणि हीच या मोजमापाची सगळी ताकद आहे.

उजेडाचा स्रोत म्हणून बहुतेक ठिकाणी ४०५ नॅनोमीटरचा डायोड लेझर वापरतात. हा रंग तेलासाठी सर्वांत चांगला आहे म्हणून निवडलेला नाही. ब्लू-रे डिस्क वाचायला याच तरंगलांबीचे डायोड लाखांनी बनू लागले, ते स्वस्त आणि टिकाऊ झाले, आणि मोजमापवाल्यांना आयतेच मिळाले. ३५५ किंवा २६६ नॅनोमीटरचे लेझर, म्हणजे १०६४ च्या एनडी-याग लेझरचे तिसरे आणि चौथे हार्मोनिक (तरंगलांबी एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश केलेले), जास्त प्रकारची तेलं उजळवतात. ४०५ ला मंद दिसणारं हलकं, शुद्ध केलेलं तेल २६६ ला दिसू शकतं. पण ते लेझर महाग, त्यांची काचही वेगळी, आणि त्यांचा किरण डोळ्याला अजिबात दिसत नसल्यामुळे बंदोबस्तही जास्त.

सेन्सरची आतली रचना तशी सोपी आहे. लेझरचा किरण डायक्रोइक (एक रंग परतवणाऱ्या, दुसरा जाऊ देणाऱ्या) आरशावरून वळून लेन्समधून जॉबवर एक-दोन मिलिमीटरच्या ठिपक्यात पडतो. तेलाचा प्रकाश त्याच लेन्समधून परत येतो, आरशातून आरपार जातो आणि ४३० नॅनोमीटरच्या आसपासच्या लाँग-पास (त्याहून लांब तरंगलांबीच सोडणाऱ्या) फिल्टरमधून फोटोमल्टिप्लायर या अतिसंवेदनशील प्रकाशमापकावर किंवा सिलिकॉन डिटेक्टरवर पोचतो. लेझर ठरावीक फ्रिक्वेन्सीने चालू-बंद करतात आणि डिटेक्टर तेवढ्याच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल ऐकतो, त्यामुळे शॉपमधल्या दिव्यांचा उजेड आपोआप गळून जातो. फिल्टर मात्र उत्तम लागतो. चकचकीत पोलादावरून परत येणारा ४०५ चा प्रकाश तेलाच्या प्रकाशापेक्षा लाखो पटींनी जास्त असू शकतो. फिल्टरने त्यातला थोडासाही आत सोडला तर सेन्सर तेलाऐवजी पॉलिश मोजायला लागतो. नवा सेन्सर घेताना मी पहिली मागणी हीच करेन: एक लॅपिंग केलेला (गुळगुळीत) आणि एक शॉट-ब्लास्ट केलेला (खरबरीत), दोन्ही पूर्ण स्वच्छ केलेले तुकडे द्या आणि दोन्हींवरचं कोरं वाचन दाखवा. त्यात मोठा फरक असेल तर पुढचं बोलणंच नको.

एक ठिपका म्हणजे अख्खा जॉब नाही. २ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्याचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मिलिमीटर, आणि ०.०५ चौरस मीटरचा जॉब म्हणजे ५०,००० चौरस मिलिमीटर. एका वाचनात जॉबचा सोळा हजारावा भाग दिसतो. धुतल्यानंतर उरलेलं तेल कधीच सारखं पसरलेलं नसतं. ते बास्केट टेकते तिथे, नोझलच्या सावलीत आणि खोबणीच्या तळाशी साचतं. रिंग गिअरच्या बाबतीत हा प्रश्न सुटतो, कारण आपल्याला फक्त वेल्डची कड हवी असते. कडेचा व्यास १५० मिलिमीटर असेल तर परीघ ४७१ मिलिमीटर. गिअर टर्नटेबलवर ४ सेकंदांत एक फेरा मारतो, सेन्सर सेकंदाला १,००० वाचनं घेतो, म्हणजे ४,००० वाचनं, दर ०.१२ मिलिमीटरला एक. ठिपका त्याहून बराच मोठा असल्यामुळे वाचनं एकमेकांवर चढतात आणि कडेचा कोणताही भाग सुटत नाही. सरासरीपेक्षा मला या ४,००० मधला जास्त तेलाचा सर्वांत मोठा सलग पट्टा जास्त बोलका वाटतो. पोकळ्या सरासरी पाहून होत नाहीत, त्या तेलाच्या डागावर होतात.

मोठ्या किंवा वेड्यावाकड्या भागांसाठी किरणच आरशांनी फिरवतात आणि पृष्ठभागाचा नकाशा काढतात. जर्मनीत फ्रायबुर्ग इथल्या फ्राउनहोफर आयपीएम या संस्थेने असे फ्लुओरेसन्स स्कॅनर विकसित केले आहेत. नकाशा पाहिला की कोणतं नोझल तुंबलंय हे वॉशिंग मशीन न उघडता सांगता येतं.

आता कॅलिब्रेशन. सेन्सर देतो तो व्होल्टचा किंवा काउंटचा आकडा. त्याचे मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर करायला आपल्याच तेलाच्या, आपल्याच पोलादाच्या संदर्भ पट्ट्या लागतात. १० सेंटिमीटर चौरस पट्टीचं क्षेत्रफळ ०.०१ चौरस मीटर, म्हणून १०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरसाठी त्या पट्टीवर १ मिलिग्रॅम तेल बसायला हवं. शुद्ध हेप्टेनमध्ये लिटरला १ ग्रॅम तेलाचं द्रावण करायचं. त्यातलं १ मिलिलिटर मायक्रोपिपेटने पट्टीभर पसरलं की १ मिलिग्रॅम झालं. हेच द्रावण दहापट पातळ केलं की १० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरची पट्टी मिळते. ०, १०, २५, ५०, १००, २५० अशा पायऱ्या पुरतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायचा मोह टाळावा, खनिज तेल त्यात नीट विरघळत नाही. हेप्टेन पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी, पंखा चालू आणि जवळ ठिणगी नाही.

अवघड भाग असतो सुकण्याचा. द्रावण सुकताना तेल कडेकडे सरकतं आणि पट्टीच्या चारही बाजूंना गोट पडतो, मध्ये जवळजवळ काहीच उरत नाही. मग मधोमध घेतलेलं वाचन कमी येतं आणि सगळी रेघ चुकते. उपाय म्हणजे द्रावण एअरब्रशने अनेक पातळ हातांत फवारायचं, प्रत्येक हात सुकू द्यायचा, आणि फवाऱ्याचं तेल बाहेर उडतं म्हणून पट्टी आधी-नंतर तोलून खरं वजन लिहायचं. कमी पायऱ्या तराजूच्या आवाक्यात नसतात, तिथे फवाऱ्यांची संख्या मोजून वरच्या पट्टीवरून हिशेब काढायचा. प्रत्येक पट्टीवर निदान २५ जागी वाचन घ्यावं. कोऱ्या पट्टीची सरासरी अधिक तिच्या प्रमाणित विचलनाची तिप्पट, एवढी सेन्सरची तळाची मर्यादा. त्याखालच्या आकड्यावर कोणतीही सही करू नये. पट्ट्या त्याच दिवशी वाचाव्यात, हलकी तेलं उडून जातात. आणि एकाच ठिपक्यावर पुन्हा पुन्हा लेझर धरला तर ते रेणू विझत जातात, वाचन हळूहळू उतरतं.

रेघ सरळ येते ती मधल्या टप्प्यात. थर जाड झाला की वरचं तेलच लेझर शोषून घेतं आणि आकडा वाढायचा थांबतो. अगदी पातळ थरात दुसरी गोष्ट घडते, आणि ती फार थोड्या ठिकाणी सांगितली जाते. आरशासारख्या धातूवर येणारा आणि परतणारा प्रकाश एकमेकांना बराचसा रद्द करतात, त्यामुळे धातूला अगदी चिकटून प्रकाशाची तीव्रता कमी असते. ४०५ नॅनोमीटर आणि तेलाचा अपवर्तनांक १.४७ धरला तर तीव्रतेचं पहिलं शिखर पृष्ठभागापासून सुमारे ७० नॅनोमीटरवर येतं. शिवाय धातूला खेटून असलेल्या रेणूंची ऊर्जा धातूच शोषून घेतो. म्हणून पॉलिश केलेल्या जॉबवर २० नॅनोमीटरचा थर त्याच्या हक्कापेक्षा कमी दिसतो. खरबरीत पृष्ठभागावर हा परिणाम बराचसा पुसला जातो. यामुळेच पॉलिश पट्टीवर केलेलं कॅलिब्रेशन टर्निंग केलेल्या कडेला लावता येत नाही.

तेल बदललं की कॅलिब्रेशन बदललं. खरेदी विभागाने तोच ग्रेड दुसऱ्या कंपनीचा घेतला तरी अरोमॅटिकचं प्रमाण वेगळं असतं, आणि तेवढ्याच वजनाचं तेल निम्मं किंवा दुप्पट चमकू शकतं. वापरलेलं कटिंग ऑइल तापून, हायड्रॉलिकचं तेल मिसळून नव्यापेक्षा वेगळं वागतं. पट्ट्या नव्या डब्यातल्या तेलाच्या आणि जॉबवर मात्र सहा महिने फिरलेलं तेल, असं चालत नाही. संदर्भ तेल मशीनच्या टाकीतूनच घ्यावं.

खोटे मोठे आकडेही येतात. पांढऱ्या कापडात आणि घरगुती डिटर्जंटमध्ये ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे निळसर चमकून पांढरेपणा वाढवणारी रसायनं, असतात. हात पुसायच्या वेस्टचा एक तंतू जॉबवर राहिला तर तो तेलाच्या मोठ्या डागासारखा उजळतो. मार्कर पेनची खूण आणि प्लास्टिकच्या टोपीचा कीस यांचंही तेच. उलट, ड्रायरमधून ८० अंशांवर बाहेर आलेला जॉब लगेच मोजला तर आकडा कमी येतो, कारण तापमान वाढलं की फ्लुओरेसन्स घटतो. जॉब नेहमी एकाच तापमानाला मोजावा, खोलीच्या तापमानाला आणता आला तर उत्तम. शॉपमधलं तेलाचं धुकं सेन्सरच्या लेन्सवर बसलं तर लेन्सच चमकते आणि प्रत्येक वाचनात तेवढी भर पडते. लेन्सपुढे हवेचा झोत ठेवतात, पण ती हवा कॉम्प्रेसरचं तेल घेऊन येत असेल तर उपायच रोग होतो. कॉम्प्रेसरच्या हवेच्या शुद्धतेचं मानक आयएसओ ८५७३-१, त्यात तेलासाठी वर्ग १ म्हणजे घनमीटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत, तेवढी शुद्ध हवा द्यावी. शिफ्टच्या सुरुवातीला चमकणाऱ्या संदर्भ काचेचं एक वाचन आणि कोऱ्या पट्टीचं एक, एवढ्यावर लेन्सची आणि लेझरची दोन्हींची तब्येत कळते.

सुरक्षेबद्दल एकच सांगतो, पण गांभीर्याने. ४०५ चा किरण डोळ्याला फिका जांभळा दिसतो आणि त्यामुळे दुबळा वाटतो. ५ मिलिवॉटच्या वर उघडा किरण लेझरच्या धोक्याच्या ३बी वर्गात जातो आणि डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करू शकतो. चकचकीत गिअरवरून तो कुठेही उसळतो. बंदिस्त पेटी आणि दार उघडताच लेझर बंद करणारा इंटरलॉक यांशिवाय ही चौकी चालू करू नये.

पासची मर्यादा सेन्सरच्या पत्रकात शोधायची नसते, ती वेल्डकडून मागायची. मुद्दाम ०, २५, ५०, १००, २५०, ५०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर तेल लावलेले जॉब वेल्ड करावेत, जोड कापून पॉलिश करावेत आणि पोकळ्या मोजाव्यात. पोकळ्या जिथे वाढू लागतात त्याच्या निम्म्यावर मर्यादा ठेवावी. गोंदाने चिकटवायच्या भागाला, पीव्हीडी (निर्वात पेटीत चढवलेल्या) कोटिंगला किंवा प्लेटिंगला हीच मर्यादा लावू नये. प्रत्येक कामाची सहनशक्ती वेगळी असते, आणि ‘स्वच्छ’ हा शिक्का नुसता मारण्याला काही अर्थ नाही. कशासाठी स्वच्छ, हे त्याच्या शेजारी लिहिलेलं हवं.

या पद्धतीचा सर्वांत मोठा आंधळा कोपरा मला नायट्रायडिंगच्या, म्हणजे भट्टीत पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कठीण करण्याच्या, संदर्भात काळजीचा वाटतो. गॅस नायट्रायडिंग साधारण ५०० ते ५५० अंशांवर चालतं, तोवर बरंचसं तेल उडून गेलेलं असतं. वॉशिंग केमिकलमधले सिलिकेट, बोरेट आणि फॉस्फेट मात्र उडत नाहीत. ते नायट्रोजनची वाट अडवतात आणि पृष्ठभागावर मऊ डाग राहतात. हे क्षार फ्लुओरेसन्स दाखवत नाहीत. सिलिकॉन ऑइलही दाखवत नाही, आणि रंग किंवा गोंद यांच्या दृष्टीने त्याच्याइतका वाईट शत्रू दुसरा नाही. म्हणजे सेन्सर हिरवा दिवा देतो आणि भट्टीतून खराब जॉब बाहेर येतो.

या क्षारांसाठी दुसऱ्या तऱ्हेचा लेझर लागतो. लिब्स पद्धतीत नॅनोसेकंदाचा जोरदार झटका पृष्ठभागाच्या अतिसूक्ष्म भागाचा प्लाझ्मा करतो आणि त्या प्लाझ्माच्या प्रकाशात प्रत्येक मूलद्रव्याची आपापली रेषा दिसते: सोडियम ५८९ नॅनोमीटरला, कॅल्शियम ३९३.४ ला, सिलिकॉन २८८.२ ला. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याचं दाखवलं ते याच पद्धतीने, बंगळुरूला बनलेल्या उपकरणाने. कारखान्यात मात्र दोन पथ्यं पाळावी लागतात. पोलादात स्वतःचंच सिलिकॉन असतं, म्हणून पहिला झटका आणि त्याच जागी चौथा-पाचवा झटका यांची तुलना करावी. पहिल्यात जास्त आणि नंतर कमी असेल तर ते वरून बसलेलं आहे. आणि प्रत्येक झटका बारीक खड्डा पाडतो, त्यामुळे दाताच्या कार्यरत बाजूवर तो कधीही मारू नये. गिअरच्या तोंडावरची, पुढे मशीनिंगमध्ये निघून जाणारी जागा निवडावी.

मोजमाप रोजच्या कामात बसलं की त्याचा फायदा पास-नापासच्या पुढे जातो. बास्केटगणिक आकडे चार्टवर मांडले तर टाकीचं आयुष्य दिसतं. केमिकल २ ते ३ टक्के, तापमान ६० ते ७० अंश, प्रेशर नेहमीचं, तरीही आकडा दिवसागणिक हळूहळू चढत असेल तर टाकीत तेल साचलंय आणि वरचं तेल काढणारा स्किमर नीट काम करत नाही. एकाच बास्केटच्या एकाच कोपऱ्यातले जॉब वर जात असतील तर नोझल पाहावं. सगळेच एकदम उडी मारत असतील तर आधी तेलाचा डबा बदललाय का ते विचारावं. दर शनिवारी टाकी रिकामी करण्याच्या रिवाजाऐवजी आकडा सांगेल तेव्हा टाकी बदलली तर केमिकलही वाचतं आणि सांडपाणीही.

शेवटी भोकांचा प्रश्न उरतो. एम१० च्या (१० मिलिमीटर बोल्टच्या) आटे पाडलेल्या, आरपार नसलेल्या ब्लाइंड होलच्या तळाशी किरण पोचत नाही आणि पोचला तरी परतीचा प्रकाश भिंतींवर आपटून हरवतो. आणि जॉब उलटा झाला की कडेवर तेल ओघळून येतं ते याच भोकांतून, बऱ्याचदा मोजून झाल्यावर. तिथे ठरावीक जॉब काढून भोकं सिरिंजने सॉल्व्हंट भरून धुवायची आणि ते सॉल्व्हंट तराजूकडे न्यायचं. लेझरची चौकी बसवली म्हणून तराजूची खोली बंद करू नये. आणि मोजायच्या आधी जॉब भोकं खाली करून दोन-तीन मिनिटं ठेवावा, म्हणजे ओघळायचं ते सेन्सरच्या आधीच ओघळतं.